अर्डिस क्वाम ग्लुटेनविरहित भोजन उपसमिती

माणसाला एकट्याने जेवण जात नाही म्हणून त्याने समाज स्थापन केला, आणि समाजात कुणाला ना कुणाला काही ना काही चालत नाही म्हणून समाजाने समित्या स्थापन केल्या. मानवी संस्कृतीचा इतिहास एवढाच आहे. मधली युद्धं वगैरे बहुधा जेवायला उशीर झाल्यामुळे झाली असावीत. आमच्या हॅलवर गावात युद्ध कधीच झालं नाही, कारण आमच्याकडे बरोबर साडेपाचला पानं मांडतात.

हॅलवर हे मिनेसोटाच्या वायव्य कोपऱ्यातलं गाव. चारी बाजूंना गहू. गावाच्या पाटीवर गव्हाची ओंबी, शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या छातीवर गव्हाची ओंबी, आणि चर्चच्या रंगीत काचेत येशूच्या पायाशीही गव्हाची ओंबी (ती कुठल्या जातीची आहे हे लांबून ओळखता यावं, अशी काच देणाऱ्याची अट होती). मी मराठी माणूस, इथे बावीस वर्षांपूर्वी जनावरांचा डॉक्टर म्हणून आलो आणि राहिलो. धर्माने मी या लुथरन चर्चचा नाही, पण बुधवारच्या जेवणाने आहे, आणि गावात तेच जास्त बघतात.

बुधवारचं जेवण चर्चच्या तळघरात असतं आणि त्यात हॉटडिश असतो. हॉटडिश म्हणजे खाली खिमा, त्यावर नूडल्स, त्यावर मशरूमच्या घट्ट सुपाचा डबा उपडा केलेला, त्यावर तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत थर, आणि मग हे सगळं ओव्हनमध्ये, ते एकमेकांना ओळखेनासे होईपर्यंत. खिम्याऐवजी कोंबडी चालते, नूडल्सऐवजी बटाटा चालतो. सुपाच्या डब्याऐवजी काही चालत नाही. त्या डब्यावरची गावाची श्रद्धा पाहून चर्चचे धर्मगुरू पास्टर कार्स्टन नवीन नवीन जरा काळजीत पडले होते. आता त्यांच्याही घरात चोवीस डब्यांचं खोकं असतं.

इथल्या बोलण्यात अन्नाला नावं ठेवायची सोय नाही. जेवण अप्रतिम झालं असेल तर ‘वाईट नाही’ म्हणतात. हा शेरा बाईला आयुष्यात दोनतीनदाच मिळतो आणि तिच्या श्रद्धांजलीच्या भाषणात त्याचा उल्लेख होतो. बरं झालं असेल तर ‘छान आहे’. घशाखाली उतरत नसेल तर ‘वेगळं आहे’. त्याच्या खाली पायरीच नाही. (फार पूर्वी एका बाईंच्या लिंबाच्या जेलीत ट्यूना मासा निघाला, तेव्हा कुणीतरी ‘खूपच वेगळं आहे’ असं म्हणालं. त्या दोन घरांत अजून जाणंयेणं नाही.)

नकाराचीही शिस्त आहे. वाढायला आलेल्याला एकदा नाही म्हणायचं, ते लाजेचं. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, ते रीतीचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की पान पुढे करायचं. तिसऱ्यांदा नाही म्हणायची पद्धत नाही, कारण या हकिकतीपर्यंत कुणाला कधी तशी गरजच पडली नव्हती.

अर्डिस क्वाम या बाई गेली चाळीस वर्षं या जेवणाचा कणा. गावात कुणी गेलं की त्या घरी पहिला हॉटडिश अर्डिसबाईंचा पोचायचा, कधी कधी बातमीच्याही आधी. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान नॉर्मन वारले. जन्मभर त्यांनी गहू पेरला आणि गव्हाच्याच भावाबद्दल बोलत शांतपणे डोळे मिटले. तेव्हापासून अर्डिसबाई सहा दिवस एकट्याच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून बसत. बुधवारी त्या जेवत. बाकीचे दिवस नुसतं खात.

मागच्या हिवाळ्यात त्या वाळत चालल्या. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हात ग्लुटेन म्हणून जो चिकट भाग असतो तो यांच्या आतड्यांना सोसत नाही. आता गहू आयुष्यभर बंद, पावाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये.

गव्हाच्या गावात ही बातमी लोकांनी जरा बेताबेताने घेतली. धान्याच्या कोठारावर उभा जन्म काढलेले व्हर्जिल आयडे म्हणाले, “आपल्या गव्हात नसतं तसलं काही. कॅनडाच्या गव्हात असेल.” पण अर्डिसबाईंबद्दल गावाला माया खरी होती, आणि माया दाखवायची गावाची एकच पद्धत होती. गहू चालत नाही हे कळल्यापासून दोन दिवसांत त्यांच्या दारात सात हॉटडिश आले. सातांतही नूडल्स होत्या. एकावर धीर यावा म्हणून पावाचा चुराही होता. अर्डिसबाईंनी सातही जणींना आभाराची कार्डं लिहिली आणि भांडी धुऊन, तळाला नावाची चिकटपट्टी तशीच ठेवून, परत केली. आत जे होतं ते माझ्याकडे आलं. वाईट नव्हतं.

पुढच्या बुधवारी अर्डिसबाई नेहमीच्या जागेवर येऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी एक उकडलेलं अंडं आणि एक केळं काढलं.

त्या केळ्याने तळघरात जे झालं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. चौसष्ट माणसांना आपापल्या पानातला हॉटडिश एकदम मोठा दिसायला लागला. समोर एक म्हातारी बाई केळं सोलते आहे आणि आपण दुसऱ्यांदा वाढून घेतो आहोत, हे कुठल्याही सुसंस्कृत माणसाला पाहवत नाही. सुसंस्कृत माणूस अशा वेळी केळ्याचा बंदोबस्त करतो.

“अगं अर्डिस, हे काय खातेस?” लव्होन बर्गस्टाड यांनी विचारलं. लव्होनबाई चर्चच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. अर्डिसबाईंची त्यांची मैत्री शाळेपासूनची.

“केळं.”

“नुसतं केळं?”

“अंडंही आहे की. अगं जेव तू, निवतंय तुझं.”

“मला नाही गं घास उतरत.”

“मला उतरतोय ना पण.” आणि अर्डिसबाई हसल्या. त्या खरोखर मजेत होत्या. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी नातवाच्या लग्नाची हकिकत चालली होती, तिच्याकडे त्यांचा एक कान होता.

हे तीन बुधवार चाललं. तीन बुधवारांत हॉटडिशचा खप एक तृतीयांशाने घटला (निरीक्षण माझं, आकडा व्हर्जिल यांचा). चौथ्या आठवड्यात लव्होनबाईंनी बैठक बोलावली आणि ‘अर्डिस क्वाम ग्लुटेनविरहित भोजन उपसमिती’ स्थापन झाली. अध्यक्ष लव्होनबाई. सदस्य म्हणून स्वयंपाकघरातल्या आठ बायका, पुरुषांचं मत यावं म्हणून व्हर्जिल, आशीर्वादासाठी पास्टर कार्स्टन, आणि वैद्यकीय सल्लागार म्हणून मी. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटाचा माझा अनुभव दांडगा आहे, तेव्हा एका कप्प्याचं मला काय अवघड, असा विचार त्यामागे होता. अर्डिसबाईंना समितीत घेतलं नाही. त्यांना संकोच वाटला असता. त्यांना काय हवंय हे विचारायचंही ठरलं नाही, कारण विचारलं असतं तर त्या ‘माझ्यासाठी कशाला एवढं’ म्हणाल्या असत्या, आणि तो लाजेचा नकार धरावा की रीतीचा यात एक बैठक गेली असती.

पहिल्याच बैठकीत मी एक सूचना मांडली. बटाटे उकडावेत, मांसाचा तुकडा भाजावा, आणि ते अर्डिसबाईंना द्यावं. यात गहू कुठेच येत नाही.

“डॉक्टर,” लव्होनबाई मायेनं म्हणाल्या, “सगळे हॉटडिश खाणार आणि ती एकटी बटाटा? वेगळं पाडल्यासारखं नाही का होणार?”

“बटाटा काय, माणूस घरीही खातो,” व्हर्जिल म्हणाले.

“मग सगळ्यांनीच बटाटा खाल्ला तर?” मी विचारलं.

यावर एक बाई म्हणाल्या की सूचना वेगळी आहे. मी खाली बसलो.

समितीने एकमताने ठरवलं की जेवण खोक्यातलं असावं. घरी केलेल्या पदार्थात चूक झाली तर ती कुणाची तरी होते. खोक्यावर मात्र ‘ग्लुटेनविरहित’ असं कारखान्याने स्वतः छापलेलं असतं, आणि छापलेल्या बायबलसाठी पंथ वेगळा काढल्यापासून, म्हणजे पाचशे वर्षं, लुथरन माणसाचा छापलेल्या गोष्टीवर विश्वास आहे.

खोक्यातलं जेवण ही या देशाने मानवजातीला दिलेली देणगी आहे. खोक्यात कोरड्या नूडल्स असतात आणि एक पुडी असते. आपण घरचा खिमा, घरचं दूध, घरचं लोणी आणि घरचा एक तास घातला की खोकं जेवण तयार करून देतं. ग्लुटेनविरहित खोकं हे याच्याही पुढचं पाऊल. त्यातून गहू काढून घेतलेला असतो, त्यामुळे खोक्याकडचं काम आणखी हलकं होतं.

लव्होनबाई दीड तास गाडी चालवून शहरात गेल्या आणि चार प्रकारची खोकी घेऊन आल्या. खोक्यांच्या पुढच्या बाजूला आत काय नाही ते मोठ्या अक्षरांत होतं: गहू नाही, सोया नाही, कृत्रिम रंग नाही, एकावर तर ‘मनाला टोचणी नाही’ असंही होतं. आत काय आहे ते मागे, बारीक अक्षरांत. चारही खोक्यांवर वाफाळत्या थाळीचं चित्र आणि थाळीवर कोथिंबिरीसारखं काहीतरी हिरवं. आत ते हिरवं नव्हतं. ‘चित्र केवळ कल्पना यावी म्हणून’ असा खाली खुलासा होता. (आपल्याकडे स्थळांच्या फोटोंखाली हा खुलासा छापायला काय हरकत आहे?)

दर सोमवारी चाखणी सुरू झाली. पहिलं हिरवं खोकं. नूडल्स तांदळाच्या. आठ मिनिटं शिजवा, असं लिहिलं होतं. सातव्या मिनिटाला त्या कच्च्या होत्या आणि नवव्या मिनिटाला नव्हत्याच. दुसरं जांभळं खोकं, हरभऱ्याच्या नूडल्सचं. उकळताना त्यांना इतका फेस आला की तो भांड्यातून शेगडीवर आणि शेगडीवरून जमिनीवर आला.

“धुणं टाकलंयस का गं लव्होन?” व्हर्जिलनी विचारलं.

“व्हर्जिल, तू चमचा धर आणि गप्प बस.”

मला ती चव ओळखीची वाटली. पिठल्याचा परदेशात वाढलेला, मराठी न येणारा पुतण्या. पण समितीला पिठलं समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

तिसऱ्या खोक्यावर हसऱ्या गाईचं चित्र होतं आणि आतल्या चीजमध्ये दूध नव्हतं. गाय त्यामुळेच हसत असावी. (बावीस वर्षांत मी गाय हसताना पाहिलेली नाही, पण बावीस वर्षांत कुणी तिला दूध माफही केलेलं नाही.) चौथं, सूर्यफुलाचं चित्र असलेलं खोकं मक्याच्या नूडल्सचं होतं. त्याला कोणतीच चव नव्हती, म्हणून ते सगळ्यांत पुढे होतं.

मूल्यमापन शास्त्रशुद्ध होतं. प्रत्येक सदस्याने एक ते पाच गुण द्यायचे होते. पाच देणं म्हणजे बढाई, तीन देणं म्हणजे उद्धटपणा, आणि दोनबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा सर्वांनी सर्व खोक्यांना चार गुण दिले. सरासरी चार निघाली. दुसऱ्या फेरीतही चारच निघाली. व्हर्जिलनी हात पुसायच्या कागदी रुमालालाही चार दिले. तोंडी मत विचारलं तर सगळ्यांनी ‘वेगळं आहे’ असं सांगितलं आणि भरपूर पाणी प्यायलं. समितीचं काम ठप्प झालं.

आणि अर्डिसबाई दर बुधवारी येतच होत्या, अंडं सोलत होत्या, आणि गावातल्या सगळ्यांच्या हकिकती ऐकत होत्या. त्यांचं वजन वाढलं होतं. गालांवर रंग आला होता. आनंदी दिसत होत्या बिचाऱ्या. कुणाला बघवत नव्हतं.

मग तो सोमवार आला. सूर्यफुलाचं खोकं तिसऱ्यांदा शिजलं होतं आणि भांड्यात करडं, कोरडं, गप्प बसलेलं होतं. लव्होनबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“बिचारं अगदी कोरडं पडलंय गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपोआप कपाटाकडे गेला. तिथे तो चाळीस वर्षं तसाच जात आला आहे. त्यांनी मशरूमच्या सुपाचा डबा उघडला आणि उपडा केला.

अर्ध्या तासाने आम्ही चाखलं. व्हर्जिलनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला, आणि म्हणाले, “वाईट नाही.”

एका बाईंनी डोळे टिपले.

त्यानंतर काम झपाट्याने पुढे गेलं. सूप आहे तिथे तळलेला कांदा नसेल तर ते उघडं दिसतं, म्हणून कांद्याचा थर आला. (कांदा तळताना त्याला पीठ लावतात. कसलं, ते सांगायला नको.) मक्याच्या नूडल्स सुपाच्या ओझ्याने मोडत होत्या, म्हणून त्यांना आधार द्यायला मूठभर साध्या नूडल्स घातल्या. मूठ लव्होनबाईंची, म्हणजे मोठी. अखेरच्या पाककृतीत खोक्याचा वाटा एक पंचमांश उरला (रिकामं खोकं धरून). गुणांची सरासरी मात्र चारच राहिली. शिस्त म्हणजे शिस्त.

फक्त पास्टर कार्स्टन अडखळले. ते तरुण आहेत आणि दुसऱ्या राज्यातून आले आहेत. सुपाचा डबा हातात फिरवत ते म्हणाले, “लव्होनबाई, यात गव्हाचं पीठ लिहिलंय.”

“ते घट्टपणापुरतं असतं, पास्टर.”

“पण अर्डिसबाईंना कणही चालत नाही ना?”

“तो कण वेगळा. तो पावातला.” लव्होनबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सूप म्हणजे सूप, पास्टर. मी तिला साठ वर्षं ओळखते. तिला सूप आवडतं.”

“आणि हे पीठ कॅनडाचं नाहीये,” व्हर्जिल म्हणाले.

पास्टरांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. वैद्यकीय सल्लागार म्हणून मी सांगितलं की पास्टर म्हणतात ते बरोबर आहे. तेव्हा इतिवृत्तात अशी नोंद झाली: ‘पास्टर व डॉक्टर यांनी वेगळा मुद्दा मांडला. समितीने त्यांचे आभार मानले.’ पुढचा ठराव सर्वानुमते संमत झाला, कारण आम्हा दोघांची मतं आभारात खर्ची पडली होती. ठराव असा: ‘सूर्यफूल खोके सुधारित स्वरूपात ग्लुटेनविरहित म्हणून स्वीकारण्यात येत आहे. सुधारणा आपल्या आहेत. खोके ग्लुटेनविरहित आहे.’

तो बुधवार मी विसरणार नाही. तळघरात कागदी झिरमिळ्या लावल्या होत्या. मोठं भांडं मध्यभागी, आणि त्याच्या शेजारी रिकामं खोकं उभं करून ठेवलेलं, सर्वांना दिसेल असं. अर्डिसबाई निळा स्वेटर घालून आल्या होत्या आणि त्यावर नॉर्मननी दिलेला ब्रोच लावला होता. त्यांना रांगेत सर्वांत पुढे उभं केलं, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या लाजल्या. आपल्यासाठी एवढ्या लोकांनी एवढं केलं याचं त्यांना खरोखर भरून आलं होतं. मला पास्टरांकडे बघवेना, त्यांना माझ्याकडे.

भांड्यावरचं झाकण निघालं. वाफ आली. आणि अर्डिसबाईंचा चेहरा तसाच राहिला, फक्त हसू जरा वेळ तिथेच थांबलं. चाळीस वर्षं जिने तो डबा उपडा केला, तिला वास पुरे होता.

“लव्होन, आधी लेकराबाळांना वाढ गं,” त्या म्हणाल्या.

“लेकरं थांबतील. आज तू पहिली.”

“खरं सांगू का, मी घरून खाऊन आलेय.”

“बाई गं अर्डिस, महिनाभर खपतोय आम्ही. एवढंसं तरी घे.” आणि लव्होनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन.

चौसष्ट माणसं चमचे हातात धरून उभी होती. अर्डिसबाईंनी भांड्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मैत्रिणीकडे पाहिलं. तोंड किंचित उघडलं. तिसरा नकार कसा देतात हे त्या आठवून पाहत होत्या, आणि ते कुणी कधी दिलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

“यात काही दुसरं घातलंयस का गं?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“प्रेम घातलंय,” लव्होनबाई म्हणाल्या.

सगळं तळघर ‘आहा’ असं म्हणालं. पास्टर खाकरले. मी पुढे एक पाऊल टाकलं, पण तेवढ्यात अर्डिसबाईंनी ताटली पुढे केली होती. त्या जागेवर जाऊन बसल्या, घास घेतला, नीट चावला, गिळला. दुसरा घेतला. मग मान वर केली.

“वाईट नाही,” त्या म्हणाल्या.

आमच्या गावात सहसा टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्या रांगेत एकाही माणसाच्या घशात घास अडकला नाही, हॉटडिश तळापर्यंत संपला, आणि उरलेला शेवटचा तुकडा कुणी घेत नव्हतं म्हणून त्याचे अर्धे, मग पाव, मग अर्धपाव असे भाग होत होत तो शेवटी दिसेनासा झाला.

अर्डिसबाई पुढचे आठ दिवस अंथरुणात होत्या. काय सोसलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थंडी बाधली म्हणाल्या. गाव हवालदिल झालं. आजारी माणसाला पथ्याचं अन्न हवं, आणि आता पथ्याचं अन्न कोणतं हे प्रत्येकीला पाठ होतं. त्यांच्या दारात सूर्यफूल सुधारित हॉटडिशची सहा भांडी आली. अर्डिसबाईंनी आभाराची सहा कार्डं लिहिली, त्यांपैकी दोन झोपून, त्यामुळे अक्षर जरा तिरकं आहे.

उपसमितीची शेवटची बैठक गंभीर वातावरणात झाली. सर्व बाजूंनी विचार करून निष्कर्ष काढण्यात आला की अर्डिसला ग्लुटेनविरहितसुद्धा सोसत नाही. यापुढे समिती काही करू शकत नाही, याबद्दल दुःख व्यक्त झालं. पास्टर उभे राहून स्पष्ट बोलले, मीही बोललो. ‘वेगळे’ हा शब्द इतिवृत्तात या वेळी दोनदा आला. समिती विसर्जित झाली. सूर्यफूल सुधारित हॉटडिश मात्र राहिला. तो आता दर बुधवारी असतो, कारण तो सर्वांना आवडतो, आणि आपण कुणाचा तरी विचार केला असं खाताना वाटतं, त्यानेही चवीला फरक पडतो.

अर्डिसबाई आता येत नाहीत. त्यांची खुर्ची मोकळी ठेवतात. प्रार्थनेत त्यांचं नाव घेतात. केळं कुठेच दिसत नसल्यामुळे जेवणं पुन्हा पहिल्यासारखी होतात.

मागच्या आठवड्यात दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. टेबल खिडकीशीच होतं. त्यांनी बटाटे उकडले होते, वर लोणी आणि मीठ. मला न विचारता ताटली मांडली. मी एकदाही नाही म्हटलं नाही. खाता खाता मी विचारलं, “अर्डिसबाई, त्या दिवशी सरळ नाही का म्हणाला नाहीत?”

“लव्होन रडत होती हो.”

“आणि तुम्ही आजारी पडलात त्याचं काय?”

“मी काय, आठ दिवसांत उठले.” त्या बटाटा चमच्याने मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला खायला काही नकोच होतं, डॉक्टर. नुसतं बसायचं होतं त्यांच्यात. ते त्यांना कसं सांगायचं, सांगा बरं?”

फार वाईट वाटलं मला, आणि या वाक्यात दुसरा कोणताही अर्थ नाही.

“येत जा ना बुधवारी,” मी म्हणालो. “मी येईन न्यायला.”

“येईन हो. गुडघे जरा बरे झाले की येईन,” त्या म्हणाल्या, आणि ताडकन उठून आणखी बटाटे आणायला गेल्या.

मी जनावरांचा डॉक्टर आहे, पण चालणं मला कळतं. त्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

आता तुम्ही पोट धरून हसला असाल, की कसले हे लोक, खोकं ग्लुटेनविरहित आणि वर गव्हाचं सूप. हसा. माणसं हसण्यासारखीच आहेत. हसून झालं की फक्त तुमचे ते काका आठवा, साखरेचा आजार असलेले. मागच्या दिवाळीत त्यांनी दोनदा नको म्हटल्यावर, ‘घ्या हो, सणाचं आहे, एका लाडवानं काय होतंय’ म्हणून तुमच्या घरात तो त्यांच्या हातावर कुणी ठेवला, ते मी विचारत नाही. प्रेमानेच ठेवला असणार. पण हल्ली ते तुमच्याकडे फारसे येत नाहीत, हे लक्षात आलंय का? गुडघे दुखतात म्हणतात ना?